पांढरी डबी

"सुई थेट किडनीतच घालणार?" आईनं विचारलं.

"हो, पाठीकडून," डॉक्टर इनामदार म्हणाल्या. "शेवईच्या काडीएवढा तुकडा काढायचा. तेवढा तपासायला पुरतो."

"आणि तिथं पडलेलं भोक?"

"ते आपोआप बुजतं."

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मी कॉटवर पाय सोडून बसले होते. पाय कसले, फुगलेल्या उशा होत्या त्या. बोट दाबलं की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. सुरुवात डोळ्यांपासून झाली. सकाळी उठले की पापण्या जड, डोळे बारीक. शाळेत बाई विचारायच्या, "कावेरी, रडून आलीस का गं?" मग पाय सुजले, पोट सुजलं, लघवीला साबणासारखा फेस यायला लागला. बार्शीच्या डॉक्टरांनी लघवी तपासली आणि म्हणाले, किडनीतून प्रोटीन वाहून जातंय, पुण्याला न्या. पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या किडनीच्या डॉक्टर म्हणजे या इनामदार मॅडम. त्यांनी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. बहुतेक मुलं एवढ्यानं बरी होतात, असं त्या म्हणाल्या होत्या. मी झाले नाही. तोंड मात्र गोळ्यांनी आणखी वाटोळं झालं.

"बायोप्सी केली की रोग पसरतो म्हणतात," अप्पा म्हणाले. माझे वडील. बार्शीत त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. दुकान भावावर सोडून आल्यामुळं त्यांचं निम्मं लक्ष सतत फोनकडे असे.

"नाही पसरत. अप्पा, तुमच्याकडे जळलेली मोटार आली तर न उघडताच दुरुस्त करता का?" डॉक्टर म्हणाल्या. "हिच्या किडनीतली गाळणी बिघडलीय. बिघाड पाच-सहा प्रकारचा असू शकतो आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. आत बघितल्याशिवाय मी आणखी जोरकस औषधं दिली, तर तो अंधारात मारलेला दगड होईल."

"काही होणार नाही ना तिला?" आईनं विचारलं.

डॉक्टरांनी लगेच भरवसा दिला नाही, ते मला अजून आठवतं. "अजिबात धोका नाही असं मी म्हणणार नाही. एखाद-दोन दिवस लघवी लाल होऊ शकते. क्वचित एखाद्या मुलाला रक्त द्यावं लागतं. त्याहून मोठं काही होणं फारच दुर्मीळ. हिचं रक्त नीट गोठतंय, ब्लडप्रेशर ठीक आहे, सोनोग्राफीत बघत बघतच सुई घालणार आहोत. माझी मुलगी असती तर मी केली असती."

आईनं अप्पांकडे बघितलं.

"तूच ठरव," अप्पा म्हणाले. "मला त्यातलं काही कळत नाही." आणि ते चहाला खाली गेले.

सही आईनं केली.

*

मला पालथं झोपवलं, पोटाखाली चादरीची गुंडाळी दिली. सलाइनमधून गुंगीचं औषध सोडलं होतं तरी मी पूर्ण झोपले नव्हते. पाठीवर गार चिकट काहीतरी फिरलं, मग मुंगी चावल्यासारखं झालं.

"कावेरी, श्वास घे. आता धरून ठेव," डॉक्टर म्हणाल्या. "हलू नकोस हं, शहाणी आहेस."

खट्. वह्यांना पिना मारायच्या यंत्रासारखा आवाज. दुखलं नाही, नुसता कुणीतरी आतून धक्का दिल्यासारखं वाटलं. असं दोनदा झालं. "संपलं," डॉक्टर म्हणाल्या, आणि मला वाटलं, एवढ्यासाठी आई रात्रंदिवस रडत होती?

त्यानंतर दिवसभर उताणं पडून राहायचं, उठायचं नाही. आई माझ्या पायांशी बसून होती. सिस्टर सारख्या येऊन ब्लडप्रेशर बघत. प्रत्येक वेळची लघवी काचेच्या बाटलीत भरून खिडकीत ओळीनं ठेवत, म्हणजे रंग कळावा. पहिल्या बाटल्या पिवळ्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळची बाटली कोकमाच्या सरबतासारखी लाल भरली.

आईच्या तोंडचं पाणी पळालं. ती बाटलीकडे बघत भिंतीला टेकून खालीच बसली. "मीच सही केली," एवढंच ती म्हणत राहिली. "मीच केली ना सही."

अप्पा आले, त्यांनी बाटली बघितली. "तुलाच घाई होती," ते म्हणाले.

डॉक्टर इनामदार आल्या, सोनोग्राफी करून गेल्या. आत थोडंसं रक्त साचलंय, आपोआप जिरेल, भरपूर पाणी पाजा, म्हणाल्या. आई भांड्यामागून भांडं पाणी पाजत राहिली. संध्याकाळची बाटली गुलाबी होती आणि त्याच्या पुढच्या सकाळची परत पिवळी. डॉक्टरांनी ती उजेडात धरून आईला दाखवली. आई हसली नाही. तिनं बाटलीला हात जोडले.

रिपोर्ट आला तेव्हा मला उठून बसायची परवानगी मिळालेली होती. डॉक्टर खुर्ची ओढून कॉटशेजारी बसल्या, त्यावरूनच अप्पांना काहीतरी कळलं असावं. त्यांनी फोन खिशात ठेवला.

"मला वाटलं होतं तसं काही निघालं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "गाळणीच्या पडद्याला बाहेरच्या बाजूनं थर साचलेत. हा प्रकार मोठ्या माणसांत दिसतो. लहान मुलांत फार कमी. आणि मुलांत दिसला की आम्ही कारण शोधायला लागतो. कावीळ, काही रक्ताचे आजार. त्या तपासण्या हिच्या झाल्यात, चांगल्या आहेत. मग राहतं ते बाहेरून शरीरात गेलेलं काहीतरी. पारा, बहुतेक करून."

"पारा?" अप्पा म्हणाले. "आमच्याकडे कुठला पारा?"

"कुठलं भस्म दिलंत का हिला? काढा? वैदूची पुडी?"

"नाही हो."

"गोरं होण्याचं क्रीम?"

खोलीत पंखा फिरत होता. शेजारच्या वॉर्डात एक बाळ रडत होतं. मी आईकडे बघितलं आणि आई माझ्याकडे बघत नव्हती.

"नाही," आई म्हणाली. "असलं काही नाही लावत आम्ही."

आम्ही लावत होतो. गेली दिवाळी झाल्यापासून रोज, दिवेलागणीनंतर, स्वयंपाकघराचं दार लोटून. आई चुलीकडे पाठ करून पाटावर बसायची, समोर मी आणि माझी मोठी बहीण सुवर्णाअक्का. आईकडे एक पांढरी डबी असे. डबीवर कुणालाच न वाचता येणारी अक्षरं होती. आमच्या गल्लीतल्या पार्लरवाल्या मंगलताईंनी ती दिली होती. परदेशातून येतं म्हणाल्या होत्या, गुण येतोच म्हणाल्या होत्या. आई दोन बोटांवर थोडं क्रीम घेऊन आधी अक्काच्या आणि मग माझ्या तोंडाला, मानेला, हातांना चोळायची. सावकाश, गोल गोल. अप्पांना सांगायचं नाही, पुरुषांना यातलं कळत नाही, असं तिनं बजावलं होतं. अक्काला कंटाळा यायचा. मला यायचा नाही. दिवसभरात आईचा हात माझ्या गालांवर फिरायचा तो तेवढाच वेळ. मी डोळे मिटून बसायचे.

"नीट आठवा," डॉक्टर म्हणाल्या. "कारण सापडलं नाही आणि ते चालूच राहिलं, तर मी वरून कितीही औषधं दिली तरी उपयोग नाही. एक दिवस किडनी काम करणं सोडून देईल."

अप्पा आईकडे वळले. "घरात काय काय आणून ठेवतेस तू? बोल की! ती मंगल सारखी कशाला येते आपल्याकडे?"

अप्पांचा चढलेला आवाज मला माहीत होता. घरी असा आवाज चढला की आई ताटली घासत बसायची, घासलेलीच परत घासायची. इथं तिच्या हातात ताटलीसुद्धा नव्हती.

"मी लावत होते," मी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"शाळेतल्या एका मुलीनं दिलं होतं. पांढरं क्रीम. मी लपवून लावत होते."

"कोण मुलगी?" अप्पांनी विचारलं.

"ती गेली शाळा सोडून. सोलापूरला."

"घरात आणखी कोणी लावतं का कावेरी?" डॉक्टरांनी विचारलं. "खरं सांग. कुणी रागावणार नाही."

"नाही. फक्त मी."

मला वाटलं, आता आई बोलेल. तिनं बोलावं म्हणून मी खोटं बोलले नव्हते, बोलू नये म्हणूनच बोलले होते. तरीही मी वाट बघत राहिले. आईनं माझ्या पायांवरची चादर सारखी केली.

"एवढीशी कार्टी आणि नटायची हौस!" अप्पा उसळून म्हणाले. "आम्ही इथं दिवस-रात्र कुणासाठी झिजतोय? लाज नाही वाटली? आईनं त्या सुईपायी अन्न सोडलंय तुझ्यासाठी!"

"बस्स," डॉक्टर म्हणाल्या. "हॉस्पिटल आहे हे. तिनं सांगितलं म्हणून ती वाचेल, एवढं लक्षात ठेवा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "क्रीम बंद. रक्त आणि लघवीतला पारा तपासू. तुझं बहुतेक सगळं हळूहळू भरून येईल."

त्या गेल्या. अप्पा माझ्याशी एक शब्द न बोलता बाहेर जाऊन बाकावर बसले.

आईनं मला वरणभात भरवला. मला वाटलं, आता सगळं ठीक आहे. मी एक चांगली गोष्ट केली आहे, आई वाचली आहे, आणि अप्पांचा राग काय, चार दिवसांत उतरतो. पण आईनं एकदाही माझ्या डोळ्यांत बघितलं नाही. ती ताट धुवायला गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

खिडकीबाहेर व्हरांडा होता. तिथून तिचा दबका आवाज आला. ती फोनवर बोलत होती. अक्का तेव्हा बार्शीला काकूंकडे राहिली होती, तिची बी.ए.ची परीक्षा जवळ होती.

"ती डबी फेकून दे. हो, आत्ताच... का म्हणजे, फेक म्हणते ना मी? कुणाला दाखवू नको. काकूला तर मुळीच नको... नाही, कावेरीला बरं आहे. तू लावलंस काल? ... रोज? एकटीच असताना पण लावतेस?"

पलीकडून अक्का काहीतरी सांगत होती. बराच वेळ सांगत होती.

"कधीपासून?" आईनं विचारलं. आवाज पार बदलला होता. "सकाळीच? का दिवसभर? ... अभ्यासानं नाही होत गं असं. जागरणानं नाही होत."

मी खिडकीच्या गजांना धरून उभी राहिले. आई व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभी होती. फोन अजून कानाला होता, पण ती ऐकत नव्हती. मग ती वळली आणि चालायला लागली. अप्पांच्या बाकासमोर थांबली.

"अहो, उठा."

"काय झालं?"

"डॉक्टरांकडे चला."

डॉक्टर त्या वेळी आमच्याच वॉर्डाच्या टेबलाशी उभ्या होत्या. आई सिस्टरांच्या, दोन शिकाऊ डॉक्टरांच्या आणि तिथं बसलेल्या कुणाकुणाच्या आयांच्या समोर उभी राहिली आणि मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं बोलली. एरवी ती दुकानात सामान मागतानासुद्धा एवढ्या मोठ्यानं बोलत नसे.

"पोरगी खोटं बोलली. क्रीम मी लावलं तिला, माझ्या हातानं. दोघींना लावलं. मोठीला पण लावते. ती बार्शीला आहे, आत्ता तिचे डोळे सुजलेत म्हणती. मॅडम, तिला पण तेच झालंय का?"

अप्पा तिच्याजवळ सरकले. मला वाटलं ते हात उचलणार. "तू?" ते म्हणाले. "स्वतःच्या पोरींना? तुझं डोकं—"

"सुवर्णाला बघून ते माढ्याचे लोक गेले," आई म्हणाली. ती अजून डॉक्टरांकडेच बघत होती, पण सांगत अप्पांना होती. "चहापोहे झाले, आणि रंग नाही पटला असा निरोप आला. त्या दिवशी घरी येऊन काय म्हणालात तुम्ही? एक उजवता उजवत नाही, धाकटी तर हिच्याहून काळी. म्हणालात, तू आई आहेस, बघ काहीतरी. बघितलं मी. मला जे सुचलं ते बघितलं."

एक शिकाऊ डॉक्टर खाली बघायला लागली. अप्पा हळूच मागं सरले, आणि टेबलाशेजारच्या स्टुलावर बसले. त्या स्टुलावर सिस्टरांची ओढणी होती, तिच्यावरच बसले.

"कुणाची चूक ते नंतर," डॉक्टर इनामदार म्हणाल्या. "मोठीला आजच आणता येईल?"

अप्पा उठले. "मी जातो," ते म्हणाले. दारापर्यंत गेले, परत आले, माझ्या कॉटजवळ उभे राहिले. काहीतरी म्हणायला बघत होते. शेवटी माझ्या उशीखालचा दुमडलेला टॉवेल नीट केला आणि गेले.

*

अक्का आली. तिच्या लघवीतही प्रोटीन निघालं, पण थोडं. क्रीम बंद केल्यावर पुढच्या काही महिन्यांत तिचं पूर्ण थांबलं, तिला सुई टोचावी लागली नाही. पाऱ्याच्या तपासण्या आल्या तेव्हा आम्हा दोघींच्याही रक्तात तो होता. अक्कानं डबी फेकली नव्हती, ती प्रयोगशाळेत गेली आणि तिच्यातही निघाला. "बायोप्सी केली नसती," डॉक्टर आईला म्हणाल्या, "तर मी औषध वाढवत बसले असते, आणि तुम्ही क्रीम लावत बसला असता." त्यांना आईला बोल लावायचा नव्हता. सही करून तुम्ही दोन्ही मुली वाचवल्यात, असं त्यांना म्हणायचं होतं. पण आईनं वाक्याचा शेवटच तेवढा ऐकला.

मला बरं व्हायला दोनएक वर्षं लागली. पण झाले. आज माझी किडनी उत्तम आहे. पाठीवर डागसुद्धा नाही.

आई मात्र त्या दिवसानंतर वेगळीच झाली. बार्शीला परतल्यावर ती सगळ्यात आधी मंगलताईंच्या पार्लरमध्ये गेली. भांडायला नाही. मंगलताईंची मुलगीही तेच क्रीम लावत होती. आई तिला हाताला धरून लघवी तपासायला घेऊन गेली. मग ती हळदीकुंकवाला जाईल तिथं, भिशीला, बारशाला, लग्नाच्या बस्त्याला, कुणी गोरेपणाचा विषय काढला की पदर खोचून सांगायला लागायची. "मी माझ्या पोरींना विष चोळलंय बाई. या हातांनी. तुम्ही चोळू नका." आडपडदा ठेवायची नाही, स्वतःला सावरून घ्यायची नाही. माझं नाव घ्यायची, बायोप्सी कशी असते ते सांगायची. सही करताना ती स्वतः कशी भ्याली होती, तेही सांगायची.

मला लाज वाटायची. कॉलेजात जायला लागल्यावर तर फारच. वर्गातल्या मुलीही विचारायच्या, तुझ्याच आईनं लावलं होतं ना ते? एकदा आम्ही एका केळवणाहून परत येत होतो. तिथंही तिनं नवरीला बाजूला बसवून सगळं पुराण सांगितलं होतं. मी रस्त्यातच चिडले.

"पुरे की आता आई! किती वर्षं? तुला माहीत होतं का त्यात पारा आहे ते? नव्हतं ना? मग कशाची शिक्षा करून घेतेस सारखी? आम्ही दोघी ठणठणीत आहोत. कुणी तुला बोल लावत नाही. अप्पासुद्धा नाही."

आई थांबली. रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाची पायरी होती, तिच्यावर टेकली. मला वाटलं दम लागला.

"क्रीमचं नाही गं," ती म्हणाली. "क्रीमचं मला ठाऊक नव्हतं, ते मी कधीच सोडून दिलं." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तू खोटं बोलतेयस, हे मला ठाऊक होतं. तुझे अप्पा तुला बोलत होते आणि मी चादर नीट करत बसले. सुवर्णाचे डोळे सुजले नसते ना कावेरी, तर ते आजपर्यंत तुझ्यावरच राहिलं असतं. मी नसते बोलले. मला माहीत आहे, मी नसते बोलले."